उणे ऐंशीतल्या सहा ट्यूब

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला घाई माझ्या स्टोअरच्या खिडकीशी आली आणि तिने काहीच मागितलं नाही. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मोठं बिघडलंय. एरवी आधी तिची मागणी ऐकू येते आणि मग ती दिसते, म्हणून तर तिचं नाव घाई.

"काकू, ताईंचा डबा रिकामा आहे," ती म्हणाली.

मला समोरासमोर सगळे काकू म्हणतात आणि मागून कुलूप. सव्वीस वर्षं या प्रयोगशाळेचं स्टोअर सांभाळते आहे. माझ्या हाताखालून पेन्सिलीचं टोकसुद्धा सहीशिवाय गेलेलं नाही, त्यामुळे या नावाचा मला राग येत नाही. पण त्या सकाळी मी स्टोअरला कुलूप घातलं आणि पळत फ्रीझरच्या खोलीत गेले.

उणे ऐंशी अंशांचा तो फ्रीझर कपाटाएवढा उंच आहे. तिसऱ्या कप्प्यात डावीकडे पुठ्ठ्याचा पांढरा डबा, त्यावर ताईंच्या बारीक अक्षरात 'ई-वन, मानवी, सतरावी खेप'. डबा जागच्या जागी होता, नाव बाहेरच्या बाजूला. आतल्या सहा ट्यूब तेवढ्या नव्हत्या.

घाईची बोटं लाल झाली होती. हातमोजे न घालताच तिने डबा बाहेर ओढला होता. जाड निळे हातमोजे फ्रीझरशेजारच्या दोन खुंट्यांवर पालथे घातलेले होते, बोटं वर आणि तोंड खाली. मला पालथं-उलटं काही बघवत नाही. मी ते काढले आणि मनगटाच्या नाडीने नीट अडकवून ठेवले. पुढे त्या नीटनेटकेपणाबद्दल मी स्वतःला बरीच बोलले.

"सोमवारी शेवटचा प्रयोग होता," घाई म्हणाली आणि खाली बसली.

२

त्या ट्यूबमध्ये काय होतं, ते ताई मला सांगायच्या तसंच सांगते. मला त्याहून जास्त कळत नाही आणि त्याहून कमी पुरत नाही.

शरीरातल्या प्रत्येक पेशीत झिजलेली, मोडलेली प्रथिनं साचत असतात. ती काढून टाकायची तर त्यांच्यावर 'आता तू निघ' अशी चिठ्ठी चिकटवावी लागते. चिठ्ठ्या ढिगाने पडलेल्या असतात, पण त्यातली एक उचलून, कामाला लावून पुढच्याच्या हातात देणारं कोणीतरी लागतं. ते काम ई-वन या एन्झाइमचं. पुढची सगळी रांग याच्यावाचून अडते. माणसातलं या एन्झाइमचं जनुक जिवाणूंच्या पोटात घालायचं, जिवाणूंकडून एन्झाइम बनवून घ्यायचं, मग गाळून, धुऊन, शुद्ध करून थेंब थेंब ट्यूबमध्ये भरायचं आणि गोठवायचं. एकदा वितळलं की पुन्हा गोठवून उपयोग नाही, म्हणून एका ट्यूबमध्ये एका वेळेपुरतंच.

हे काम आमच्याकडे ताई करायच्या. चोवीस वर्षांत सतरा खेपा. आठ महिन्यांपूर्वी ताई गेल्या. त्याआधीच्या उन्हाळ्यात दुसरा फ्रीझर बंद पडून जनुक असलेले जिवाणूही मेले होते, त्यामुळे अठरावी खेप होणं शक्यच नव्हतं. उरल्या होत्या सहा ट्यूब.

घाईची तीन वर्षं त्या सतराव्या खेपेवर उभी होती. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवताना एकच अट घातली होती: शेवटचा प्रयोग त्याच खेपेच्या एन्झाइमवर पुन्हा करून दाखवा, महिनाअखेरीच्या आत. महिना संपायला पाच दिवस होते. प्रयोग झाला नाही तर तिच्या प्रबंधातला अर्धा भाग गळणार होता आणि उरलेल्या अर्ध्याला कोणी प्रबंध म्हणत नाही.

आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, दहा वाजता आल्या. सगळं ऐकून त्यांनी घाईकडे नाही, परदेशीकडे पाहिलं. परदेशी हा आमचा दुसरा संशोधक. बाहेरच्या देशात नोकरी लागली तेव्हापासून त्याला दुसरं नाव उरलं नव्हतं. शनिवारी दुपारी त्याच्या नमुन्यांचं पार्सल ड्राय आइसमध्ये, म्हणजे गोठवलेल्या वायूच्या बर्फात, भरून पुढे जायचं होतं.

"पार्सल उघडा," मॅडम म्हणाल्या.

परदेशीने ते उघडलं नाही. त्यावर शिक्का बसला आहे, तो तोडला तर पुन्हा पंधरा दिवस जातील आणि नोकरी जाईल, असं तो शांतपणे म्हणाला. मग मॅडम मला म्हणाल्या, "काकू, उद्या दुपारी बारापर्यंत ट्यूब सापडल्या नाहीत, तर मी स्वतः तोडणार आहे. तुम्हाला काही सुचत असेल तर बघा."

३

मला सुचत काही नव्हतं, पण फ्रीझरच्या दारावरचा गोल कागद दर सोमवारी मीच बदलते. त्यावर एक पेन आठवडाभर तापमानाची रेघ ओढत असतं. दार उघडलं की रेघ दचकते. आमची माणसं डबे शोधत दार उघडं टाकून उभी राहतात, त्यामुळे कागदावर डोंगरच डोंगर असतात. पण गुरुवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी एक अगदी इवलासा उंचवटा होता. दार उघडलं, हात नेमका तिसऱ्या कप्प्यात गेला, दार बंद. शोधाशोध नाही.

म्हणजे आलेल्या माणसाला जागा पाठ होती आणि दार उघडं ठेवायचं नसतं हेही कळत होतं.

आता गंमत अशी, की गुरुवारी एक वीसला परदेशी माझ्या खिडकीशी होता. थर्माकोलचा मोठा खोका हवा म्हणून तो पाऊण ते दीड माझ्याशी भांडत होता आणि मी त्याला लहानच दिला. म्हणजे मॅडम साप म्हणून भुई धोपटत होत्या. हे मी त्यांना लगेच सांगितलंही. त्या म्हणाल्या, "त्याने दुसऱ्या कोणाला पाठवलं असेल." संशय एकदा घरात शिरला की चपला काढून ऐसपैस बसतो.

मॅडम स्वतः त्या वेळी वरच्या मजल्यावर बैठकीत होत्या. राहिली घाई. प्रयोग फसेल या भीतीने तिनेच ट्यूब लपवल्या असतील का? मी तिला स्टोअरमध्ये बसवून चहा दिला आणि सरळ विचारलं. तिला राग आला नाही. खापर एन्झाइमवर फोडायचं असतं तर ट्यूब रात्रभर बाहेर ठेवून परत गोठवल्या असत्या, ती म्हणाली, प्रयोग आपोआप फसला असता आणि कोणाला कळलंही नसतं. हे पटण्यासारखं होतं. ज्याला एन्झाइम मारायचं आहे त्याला चोरी करायची गरजच नाही.

"आणि काकू, ज्याला एन्झाइम हवंय त्यालाही नाही," घाई म्हणाली. "त्याच कप्प्यात विकत आणलेल्या ई-वनच्या चार ट्यूब आहेत. तुलनेसाठी मागवल्या होत्या. ताईंच्या एन्झाइमपेक्षा जोमदार आहेत. त्यांना हातसुद्धा लावलेला नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला. चोराला एन्झाइम नकोच होतं, त्याला ताईंचं एन्झाइम हवं होतं. पण या दोन्हींत फरक काय, हे एका माणसाला कळायला हवं होतं, आणि ते कधी कळलं?

बुधवारी. चहाच्या वेळी.

४

बुधवारी चहाला आम्ही पाचजण होतो. घाई प्रबंधासाठी जनुकाचा मूळ स्रोत शोधत ताईंची सगळ्यात जुनी वही वाचत होती. वाचता वाचता हसली आणि एक ओळ मोठ्याने वाचली: 'रक्त: स्वतःचं. डावा हात.'

'मानवी' म्हणजे कोण मानव, हा प्रश्न इतक्या वर्षांत आम्हा कोणालाही पडला नव्हता. चोवीस वर्षांपूर्वी जनुक मिळवायला माणसाच्या पेशी हव्या होत्या, प्रयोगशाळा नवी होती, आणि ताईंनी गुपचूप स्वतःचंच रक्त वापरलं होतं. सतरा खेपा ताईंच्याच जनुकावरून निघालेल्या. मॅडमनाही हे माहीत नव्हतं. त्या काळी असं चालायचं, एवढंच त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

वातावरण जड झालं म्हणून परदेशीने विनोद केला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, पुरुषाकडे एकच एक्स, आणि तो येतो आईकडून. "म्हणजे माझ्या पेशीपेशीत झाडलोट करते ती आईच, आणि पसारा सगळा वडिलांचा." आम्ही हसलो. घाई म्हणाली, सोमवारी सहाही ट्यूब लागतील, मग ताईंचं खातं बंद.

पाचवे होते मामा.

मामा म्हणजे आमच्या धुलाईघराचे प्रमुख आणि ताईंचे यजमान. ताईंचा नवरा मामा, हे नातं कुठल्याही घरात बसायचं नाही, आमच्याकडे पंचवीस वर्षं बसलं होतं. काचेची भांडी मामांनी धुवायची, त्यात काम ताईंनी करायचं. त्या दिवशी वहीतली ओळ ऐकून मामा हसले आणि म्हणाले, "ती सुईला घाबरायची." मग कप अर्धा ठेवून उठले. मामा चहाचा थेंब कधी टाकत नाहीत, पण माझ्या हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ध्यानात आलं, आणि ते मला नको होतं. मामांकडे बोट करावं लागू नये म्हणून मी रात्रभर परदेशीला दोषी ठरवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. तो काही जमेना.

५

शनिवारी सकाळी दहाला मामा माझ्या खिडकीशी आले.

"कुलूपबाई, मूठभर ड्राय आइस उरलाय का?"

मला तोंडावर कुलूप म्हणणारा हा जगातला एकच माणूस. ड्राय आइस दर गुरुवारी येतो आणि आठवडाअखेर हवेत उडून जातो, त्यामुळे त्याची मी सही घेत नाही. मी निमूटपणे दिला. मामा गेल्यावर हिशेब लागला. गुरुवारी साडेबाराला ते मोरीतल्या झुरळांसाठी म्हणून घेऊन गेले होते. शुक्रवारी सकाळी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. असं कुठलं झुरळ आहे ज्याला दिवसातून दोनदा थंडी लागते? आणि बुधवारी चहानंतर त्यांनी माझ्या भंगारातून मोठ्या तोंडाचा, कान तुटलेला थर्मास मागून नेला होता. डबा गरम राहील म्हणाले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. चोरीचं सगळं सामान मीच पुरवलं होतं, खिडकीतून, हसत हसत.

तरी मला खात्री हवी होती. मी धुलाईघरात गेले. आत वाफ होती. भिंतीवरच्या लाकडी फळ्यांना तिरक्या खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेक बाटली पालथी, तळ वर आणि तोंड खाली, म्हणजे पाणी निथळतं. पंचवीस वर्षं तो हात जे काही मिळेल ते खुंटीवर पालथं घालत आला होता. गुरुवारी त्याने फ्रीझरचे हातमोजेही तसेच घातले.

मामांची माझ्याकडे पाठ होती. मी म्हटलं, "मामा, थर्मासचं झाकण घट्ट लावलेलं नाही ना? तो वायू कोंडला तर फुटेल."

त्यांनी हातातली बाटली खुंटीवर पालथी घातली. मग म्हणाले, "कापसाचा बोळा लावलाय. तिने सांगितलं होतं."

६

थर्मास फडताळात, धुतलेल्या टॉवेलांच्या मागे होता. घरी न्यायचं धाडस झालं नव्हतं. वाटेत बस बंद पडली तर, अशी भीती वाटली म्हणाले. ताईंसाठी वर्षानुवर्षं फ्रीझरचं दार धरून उभे राहिलेले ते. तिसरा कप्पा, डावीकडे, त्यांना डोळे मिटून सापडला असता.

मी रागावले होते. आता राग कोणावर धरायचा ते कळेना. मी स्टुलावर बसले आणि ते उभ्याउभ्याच बोलले.

"त्या दिवशी ती दंडावर कापूस लावून घरी आली. विचारलं तर म्हणाली, खरचटलं. मी फुंकर घातली होती, बाई. चोवीस वर्षं मला वाटत होतं, खरचटलं." त्यांनी हात पुसले, ते कोरडेच होते. "अस्थी गेल्या. कपडे वाटून टाक म्हणतात सगळे. आणि अचानक ही मुलगी सांगते, की ती अजून आहे. या इमारतीत, सहा ट्यूबमध्ये. आणि सोमवारी तिला संपवणार आहेत."

"घाईची तीन वर्षं त्यात आहेत, मामा. परदेशीच्या नोकरीवर बाराला हातोडा पडणार आहे."

"कळतं मला. काल रात्रभर कळत होतं. सकाळी परत ठेवायला निघालो आणि पाय तुमच्या खिडकीकडे वळले."

मलाही ताईंची इतकी आठवण येत होती, की त्यांना एक ट्यूब ठेवून घ्या असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. चोरीत भागीदार व्हायला मला अर्धा श्वासच उरला होता. पण तेवढ्यात परदेशीचा तो बुधवारचा विनोद मला आठवला, आणि आम्ही सगळे किती चुकीच्या ठिकाणी हसलो होतो ते कळलं.

"मामा, तो एक्सचं काय सांगत होता, ऐकलंत का तुम्ही?"

"माझ्या डोक्यात तेव्हा कापूस होता."

"हे जनुक मुलाला फक्त आईकडून मिळतं. ताईंकडे दोन होती, त्यातलं एक तुमच्या मुलाकडे आहे. ट्यूबमध्ये गोठलेलं नाही. चालू आहे, प्रत्येक पेशीत, आत्ता या घटकेला." मी थांबले, कारण पुढचं बोलायचा मला अधिकार नव्हता. मग बोललेच. "आणि त्याचा फोन तुम्ही आठ महिने उचलत नाही."

मुलगा दोन दिवसांच्या प्रवासावर नोकरीला. ताई गेल्या तेव्हा तो एक दिवस उशिरा पोचला, आणि मामा त्याला दारातच म्हणाले होते, आता कशाला आलास. त्या शब्दाला आठ महिने झाले होते. तो दर शनिवारी बाराला स्टोअरच्या फोनवर मला विचारतो, बाबा बरे आहेत का. मी म्हणते, बरे आहेत. हे मी मामांना कधी सांगितलं नव्हतं. मी फक्त वस्तू कुलपात ठेवते असं लोकांना वाटतं.

मामांनी थर्मास उचलून माझ्या हातात दिला. "तुम्हीच न्या," ते म्हणाले. "माझा हात सोडणार नाही."

पावणेबाराला सहाही ट्यूब तिसऱ्या कप्प्यात गेल्या. मॅडमना मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्यांनी परदेशीच्या टेबलाशी जाऊन स्वतः त्याची माफी मागितली. मामांना त्यांनी एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी मागा. बाराला फोन आला. मामा आले नाहीत. मी म्हटलं, बरे आहेत.

७

सोमवारी प्रयोग झाला. एन्झाइम वितळलं नव्हतं, एका अंशानेही खचलं नव्हतं. कापसाच्या बोळ्याने काम केलं होतं. निकालाच्या फिल्मवर काळ्या पट्ट्या जिथे यायला हव्यात तिथे आल्या आणि घाई पहिल्यांदाच एका जागी पाच मिनिटं उभी राहिली. मग ती सहा रिकाम्या ट्यूब घेऊन धुलाईघरात गेली. एरवी अशा ट्यूब कचऱ्यात जातात. तिने पाच टाकल्या आणि सहावी मामांपुढे ठेवली. झाकणावर ताईंच्या अक्षरात 'सतरा' होतं, तळाशी नखाएवढा ओलावा.

"ही मी धुणार नाही," मामा म्हणाले, आणि ती खिशात ठेवली.

पुढच्या शनिवारी पावणेबाराला ते स्टोअरमध्ये येऊन स्टुलावर बसले. काही मागितलं नाही. मी खोक्यांवरची धूळ झटकत राहिले. बाराला फोन वाजला. मी हलले नाही. चार वेळा वाजू दिल्यावर त्यांनी तो उचलला.

"मी आहे," ते म्हणाले.

मामांचा एक हात खिशावर होता.

"ऐक. तुझ्या आईची एक वस्तू तुझ्याकडे आहे. तुला माहीत नाही, मलाही माहीत नव्हतं. घरी ये, म्हणजे सांगतो."

मी बाहेर पडले, अंगणापर्यंत गेले आणि तिथे उभी राहिले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी स्टोअर उघडं टाकून आले होते.